मोठी संख्या फोडायची तर: १२,३४,५६,७८९ चे अवयव आणि गुणधर्म, क्रमाने

संख्या १२,३४,५६,७८९. प्रश्न तीन: हिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, आणि हिच्याहून लहान पण हिच्याशी सहमूळ (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती? माझ्याकडे तपासायला आलेल्या एका वहीत काम असे होते. नवाने भाग दिला, उरले १,३७,१७,४२१. त्याला ७ पासून ९७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही. म्हणून ‘ही मूळ संख्या आहे’ असे लिहून खाली दोन रेघा. पुढे सूत्रे घातली आणि उत्तरे काढली: विभाजक ६, विभाजकांची बेरीज १७,८३,२६,४८६, सहमूळ संख्या ८,२३,०४,५२०.

भागाकार सगळे बरोबर. सूत्रे बरोबर. शेवटचे गुणाकारही बरोबर. तिन्ही उत्तरे चूक.

खरी उत्तरे १२, १७,८४,२२,८१६ आणि ८,२२,६०,०७२ अशी आहेत. नंतरच्या दोन उत्तरांत चुकीचे आणि खरे यांतला फरक हजारात एकाहूनही कमी आहे, त्यामुळे नुसते बघून चूक ओळखूच येत नाही. अवयव अर्धवट फोडून सूत्राकडे धावणे ही चूक इतकी वारंवार दिसते की हीच संख्या घेऊन सगळे काम पहिल्यापासून लिहून काढतो. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेल.

तयारी

पानाच्या डावीकडे दोन बोटे रुंद उभी पट्टी आखून घ्या. तिच्यात फक्त सापडलेले मूळ अवयव उतरवायचे, एकाखाली एक. कच्चे काम सगळे उजवीकडे. ही पट्टी नसली की कच्च्या कामातला एखादा ३ हरवतो आणि मग तो कुठे गेला ते कळत नाही.

शंभरापर्यंतच्या २५ मूळ संख्या हाताशी हव्यात. यादी स्वतः लिहिली असेल तर ५१, ५७, ८७ आणि ९१ तिच्यात घुसले नाहीत ना, ते पाहा. हे चौघेही मूळ संख्येसारखे दिसतात, पण ५१ म्हणजे ३ × १७, ५७ म्हणजे ३ × १९, ८७ म्हणजे ३ × २९ आणि ९१ म्हणजे ७ × १३. यादीत १ सुद्धा नको.

दोन ताळे येत असले पाहिजेत. नवाचा ताळा बहुतेकांना माहीत असतो: अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचे. अकराचा ताळा मात्र लोक विसरतात. त्यात उजवीकडून सुरुवात करून एक अंक अधिक, पुढचा उणे, असे करत जायचे; उत्तर उणे आले तर त्यात ११ मिळवायचे. दोन्ही का लागतात? १,३७,१७,४२१ उतरवताना चुकून १,३७,१७,२४१ लिहिले, तर अंकांची बेरीज दोन्हीकडे २६ च येते आणि नवाचा ताळा गप्प बसतो. अकराचा ताळा मात्र पहिल्या संख्येसाठी ३ देतो आणि दुसऱ्या संख्येसाठी १०. शेजारचे अंक उलटे पडणे ही हाताने लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, तेव्हा अकराचा ताळा टाळू नका.

सावधान: आपले स्वल्पविराम. आपण १,३७,१७,४२१ असे लिहितो, म्हणजे उजवीकडून आधी तीन अंक आणि मग दोन-दोन. पुढच्या टप्प्यातल्या ७, ११, १३ आणि ३७ च्या कसोट्यांना मात्र उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात. संख्या स्वल्पविराम काढून एकदा पुन्हा लिहा आणि गट उभ्या रेघांनी पाडा: १३ | ७१७ | ४२१. स्वल्पविरामांवर विसंबून गट पाडल्यामुळे चुकलेली किती गणिते मी पाहिली असतील, त्याची मोजदाद नाही.

टप्पा १: लहान अवयव काढा आणि दर वेळी नव्या संख्येवर या

१२,३४,५६,७८९ विषम आहे, शेवटी ५ किंवा ० नाही, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. भागाकार १,३७,१७,४२१. डावीकडच्या पट्टीत ३, त्याखाली ३.

इथून पुढे मूळच्या संख्येकडे बघायचे नाही. सगळ्या कसोट्या भागाकारावर.

आता पुन्हा ३ ची कसोटी लावा. बेरीज २६, म्हणजे आणखी ३ नाही. ही दुसरी तपासणी अनेकजण गाळतात. त्याहून वाईट म्हणजे काहीजण ‘अंकांची बेरीज २७ आली की २७ ने भाग जातो’ असा स्वतःचा नियम बनवतात. १८९९ घेऊन पाहा. बेरीज २७, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे.

७, ११ आणि १३ यांची कसोटी एकत्रच होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. तीन-तीनचे गट उजवीकडून एक अधिक, एक उणे असे घ्या: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. उणे चिन्ह सोडून द्या. २८३ ला ७ ने भागल्यास बाकी ३, ११ ने ८, १३ ने १०. तिघेही बाद.

३७ साठी तेच गट नुसते मिळवायचे: ४२१ + ७१७ + १३ = ११५१. पुन्हा गट पाडून १ + १५१ = १५२, आणि ३७ ने भागल्यावर बाकी ४. बाद.

१७, १९, २३ यांना असा सोपा रस्ता नाही, सरळ भाग द्या. बाक्या अनुक्रमे २, १० आणि १४ येतात. बाकी लिहून ठेवा, नुसती फुली नको. फुली पुन्हा तपासता येत नाही, बाकी तपासता येते.

टप्पा २: कुठे थांबायचे ते आधी ठरवा

वहीवाला ९७ वर थांबला, कारण त्याची यादी तिथे संपली होती. यादी संपणे हे थांबायचे कारण नव्हे. थांबायची जागा संख्येचे वर्गमूळ ठरवते: संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच.

३७०३ चा वर्ग १,३७,१२,२०९ आणि ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. आपली संख्या यांच्या मधे बसते. म्हणजे ती मूळ आहे असे म्हणायला ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल. अशा संख्या पाचशेहून जास्त आहेत. वहीत त्यांतल्या जेमतेम २५ झाल्या होत्या.

पडताळा: पानावर ‘सीमा ३७०३’ असे लिहून चौकट करा. एखादा अवयव सापडला की सीमा बदलते, चौकट नव्याने.

टप्पा ३: मूळ की संयुक्त, हे आधी विचारून घ्या

पाचशे भागाकार करायच्या आधी, संख्या मुळात फुटणारी आहे का, हे कळले तर बरे. त्यासाठी फर्माची कसोटी. संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणारा कोणताही पाया घ्या. त्याचा (संख्या − १) एवढा घात केला आणि त्या संख्येने भागला, तर बाकी १ च येते. १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त.

९१ वर हाताने करून बघा. २ चा १२ वा घात ४०९६, आणि ४०९६ = ४५ × ९१ + १, म्हणजे बाकी १. ९० = १२ × ७ + ६, म्हणून २ च्या ९० व्या घाताची बाकी २ च्या ६ व्या घाताएवढी, म्हणजे ६४. एक आली नाही, म्हणून ९१ संयुक्त. अवयव एकही माहीत नसताना निकाल लागला.

आता पाया ३ घ्या. ३ चा ६ वा घात ७२९ = ८ × ९१ + १, बाकी १. मग ३ च्या ९० व्या घाताची बाकीही १. म्हणजे ३ ने विचारले तर ९१ मूळ असल्याची बतावणी करते. म्हणून बाकी १ आली की ‘मूळ असू शकते’ एवढेच म्हणायचे. ५६१ (३ × ११ × १७) तर आणखी बिलंदर आहे: तिच्याशी सहमूळ असा कोणताही पाया घेतला तरी बाकी १ च.

१,३७,१७,४२१ साठी ही कसोटी संगणकावर किंवा घातांक अर्धे-अर्धे करत चिकाटीने वहीत करता येते. पाया २ घेतला तर बाकी १ येत नाही. संख्या फुटते, आता कशी फुटते ते शोधायचे.

टप्पा ४: दोन वर्गांची वजाबाकी

हा टप्पा शाळेत कोणी नीट शिकवत नाही, आणि या संख्येत सगळी मजा इथेच आहे. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर तिला ‘क्ष वर्ग उणे य वर्ग’ असे लिहिता येतेच. क्ष म्हणजे दोन अवयवांची सरासरी आणि य म्हणजे त्यांच्यातल्या फरकाचे अर्धे. अवयव एकमेकांजवळ असले की य लहान आणि क्ष वर्गमूळाच्या अगदी शेजारी. म्हणून शोध वर्गमूळापासून वर सुरू करायचा:

पहिला क्ष = ३७०४. वर्ग १,३७,१९,६१६, वजाबाकी २१९५. हा पूर्ण वर्ग नाही: ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, आणि इथे शेवटी ९५ आहे.

दुसरा क्ष = ३७०५. वर्ग १,३७,२७,०२५. त्यातून १,३७,१७,४२१ वजा केले की ९६०४. आणि ९८ × ९८ = ९६०४.

झाले. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. पाचशे भागाकारांच्या जागी दोन वर्ग.

खरे तर पहिला वर्गही करायची गरज नव्हती. १,३७,१७,४२१ ला ४ ने भागल्यास बाकी १ येते. अशा वेळी क्ष विषमच असावा लागतो आणि य सम. सम क्ष सोडून द्यायचे. बाकी ३ येणाऱ्या संख्येत उलटे, तिथे क्ष सम घ्यायचा. ही एक तपासणी अर्धे काम वाचवते.

सावधान: लहान अवयव न काढता ही पद्धत वापरू नका. मूळच्या १२,३४,५६,७८९ वर ती लावली तरी ११,११५ च्या वर्गापाशी उत्तर मिळते: वर्ग १२,३५,४३,२२५, वजाबाकी ८६,४३६, आणि तो २९४ चा वर्ग. अवयव १०,८२१ आणि ११,४०९. उत्तर इतके देखणे आहे की दोन्ही मूळ समजून लोक पुढे जातात. दोघांनाही ३ ने भाग जातो.

ही पद्धत नेहमी इतक्या लवकर फळत नाही. एक अवयव लहान आणि दुसरा प्रचंड असेल तर ती रखडते, आणि संख्या मूळच असेल तर जवळजवळ संपतच नाही. माझा शिरस्ता असा: वीसेक क्ष करून पाहायचे, नाही जमले तर निमूट भागाकारांकडे वळायचे.

टप्पा ५: मिळालेले अवयव मूळ आहेत का?

३६०७ आणि ३८०३ पाहून हायसे वाटते आणि पेन पुढे सरकते. थांबा. दोघांची वेगवेगळी तपासणी करायची आहे, कारण दोघांच्या सीमा वेगळ्या आहेत.

६० चा वर्ग ३६००, ६१ चा ३७२१. म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंत भाग द्यायचे. ७ पासून ५९ पर्यंत बाक्या अशा येतात: २, १०, ६, ३, १६, १९, ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८. कुठेही शून्य नाही. मूळ.

३८०३ साठी ६१ सुद्धा लागतो, कारण ६१ चा वर्ग ३८०३ पेक्षा लहान आहे आणि ६२ चा मोठा. बाक्या: २, ८, ७, १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७ आणि ६१ ने २१. हीसुद्धा मूळ. पहिल्या संख्येची यादी दुसरीला जशीच्या तशी वापरली तर नेमका हा शेवटचा भागाकार राहून जातो. इथे निभावले असते, पण ३७२१ सारख्या संख्येत निभावणार नाही, ती ६१ × ६१ आहे.

ताळा: ३६०७ नवाने ७, ३८०३ नवाने ५. गुणाकार ३५, म्हणजे ८. आणि १,३७,१७,४२१ ची बेरीज २६, म्हणजे ८. अकराने ३६०७ ची बाकी १० आणि ३८०३ ची ८, गुणाकार ८०, त्याची बाकी ३. तिकडेही ३. दोन्ही जुळले.

आता डावीकडच्या पट्टीत: ३, ३, ३६०७, ३८०३. काम अर्ध्यावर आले असे वाटेल, पण अवघड भाग संपला.

टप्पा ६: सूत्रे, आणि त्यांतले खड्डे

विभाजकांची संख्या: प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार. ३ चा घातांक २, बाकी दोघांचे १. (२ + १) × (१ + १) × (१ + १) = १२. हे बाराही जोडीने लिहून काढा, हाच पडताळा:

१ × १२,३४,५६,७८९
३ × ४,११,५२,२६३
९ × १,३७,१७,४२१
३६०७ × ३४,२२७
३८०३ × ३२,४६३
१०,८२१ × ११,४०९

सहा जोड्या, बारा विभाजक. शेवटच्या जोडीतले दोघे वर्गमूळाच्या (साधारण ११,१११) दोन बाजूंना आहेत.

विभाजकांची बेरीज: इथे घातांक विसरणे हा नेहमीचा घोळ. ३ दोनदा आहे म्हणून कंस (१ + ३ + ९) = १३. तिथे (१ + ३) × (१ + ३) = १६ लिहायचे नाही. मग १३ × ३६०८ × ३८०४. आधी ३६०८ × ३८०४ = १,३७,२४,८३२, आणि १३ पट १७,८४,२२,८१६. संख्या स्वतः वजा केली तर ५,४९,६६,०२७ उरतात, जे संख्येहून कमी आहेत. म्हणजे ही न्यून संख्या; परिपूर्ण नाही, अधिकही नाही.

सहमूळ संख्या (ऑयलरचे फाय): ३ साठी ९ − ३ = ६. इथे २ × २ = ४ लिहिणारे वर्गात दरवर्षी निम्मे तरी असतात. १ ते ९ मधे ९ शी सहमूळ कोण ते बोटावर मोजा: १, २, ४, ५, ७, ८. सहा. मग ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२.

छोटा पडताळा: ३६०७ + ३८०३ = ७४१०. मोठ्या गुणाकारात १,३७,१७,४२१ + ७४१० + १ = १,३७,२४,८३२ यायला हवे, आणि फायमधे १,३७,१७,४२१ − ७४१० + १ = १,३७,१०,०१२. पहिला आकडा वर आलाच आहे, दुसरा ३६०६ × ३८०२ करून पाहा. वहीवाल्याची चूकही याच ७४१० मधे दडलेली आहे: त्याची विभाजकांची बेरीज बरोबर १३ × ७४१० ने, म्हणजे ९६,३३० ने कमी पडली.

टप्पा ७: बाकीचे प्रश्न

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? शेवटचे ८९ पाहून ४ ने बाकी १ येते, म्हणून ‘येईल’ असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ. पण अट संख्येवर नसून मूळ अवयवांवर आहे: ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. ३ दोनदा आहे, ठीक. पण ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आणि दोघेही एकेकदाच. म्हणून येत नाही. दोघांच्या बाक्यांचा गुणाकार ९, ४ ने भागल्यास १. फसवणूक तिथून झाली. तीन वर्गांची बेरीज मात्र होते, कारण संख्येला ४ ने भाग जात नाही आणि ८ ने भागल्यास बाकी ५ आहे, ७ नाही.

अंकांवर चालणारे गुणधर्म वेगळ्या पानावर घ्या. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी ज्यांना हर्षद म्हटले, त्या संख्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो. आपल्या संख्येची बेरीज ४५ आणि शेवटी ९, ५ ने भाग जाणार नाही, म्हणून हर्षद नाही. याला अवयवांची गरजही नव्हती.

मसावि विचारला असेल तर अवयव फोडत बसू नका. उलटी संख्या ९८,७६,५४,३२१ घ्या. १२,३४,५६,७८९ ची आठपट ९८,७६,५४,३१२, बाकी ९. आणि ९ ने १२,३४,५६,७८९ ला निःशेष भाग जातो. मसावि ९, एका ओळीत. लसावि म्हणजे १,३७,१७,४२१ × ९८,७६,५४,३२१ = १३,५४,८०,७०,१२,३६,२६,१४१. हा आकडा सतरा अंकी आहे, आणि इथून यंत्राची अडचण सुरू होते.

टप्पा ८: संगणकावर करताना

स्प्रेडशीट साधारण पंधरा अंक जपते, पुढे शून्ये घालते. १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ टाकून बघा, शेवटचे ३२१ जाऊन ३०० होतील, कुठलाही इशारा न देता. त्या संख्येचे ‘अवयव’ काढत बसलात तर तुम्ही भलत्याच संख्येचे काढत आहात.

पायथनमधे पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एक तिरकी रेघ दिली की उत्तर दशांशात जाते आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे शेवटच्या अंकांवर भरवसा राहत नाही. दोन तिरक्या रेघा द्या. वर्गमूळही पूर्णांकाचेच मागा, दशांशाचे नको. आणि यंत्राने अवयव दिले तरी ते एकदा परत गुणून पाहा.

करून पाहा

९८,७६,५४,३२१: नऊ काढल्यावर १०,९७,३९,३६९ उरतात. याला १७ ने भाग जातो, ६४,५५,२५७. डावीकडे १७ लिहून १९ कडे गेलात तर चुकलात, कारण याला पुन्हा १७ ने भाग जातो आणि ३,७९,७२१ उरतात. ही मूळ आहे, पण ते म्हणण्याआधी ६१६ पर्यंतच्या ११२ मूळ संख्या तपासायच्या. विभाजक १८.

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१: ही ११,११,११,१११ चा वर्ग आहे. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांपैकी एक. हे नाव त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून घेतले होते. वर्गाचे अवयव थेट काढू नका, आधी वर्गमूळाचे काढा. ११,११,११,१११ मधून नऊ काढले की १,२३,४५,६७९ (आठ नाही, ते बघा). तीन-तीनचे गट: १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा १ + ३६ = ३७. ३७ ने भाग जातो, उरतात ३,३३,६६७, आणि ही मूळ आहे. सीमा ५७७, तपासायच्या मूळ संख्या १०६. आता घातांक दुप्पट करा: ३ चा ४, बाकी दोघांचे २. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम आले म्हणून घाबरू नका. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, कारण वर्गमूळाला जोडीदार नसतो. तुमचे उत्तर सम आले असेल तर कुठेतरी एक घातांक दुप्पट करायचा राहिला आहे. डावीकडची पट्टी पुन्हा बघा.